पाण्याचा रकाना

शहापूरला डॉक्टर कमळाकरांकडे सोनोग्राफीला गेलं की आधी डॉक्टर भेटत नसत, मैनाबाय भेटायची. दारातून आत शिरलं की समोर टेबल, टेबलामागे खुर्ची आणि खुर्चीत ती. "बस गो. कुठल्या गाडीनं आलीस?" हा तिचा पहिला प्रश्न. नाव-गाव मागाहून. पोटात बाळ आहे की मुतखडा, ते त्याच्याही मागाहून. आणि एखादा नवरा कानाशी लागून "पोरगा हाय का पोरगी, तेवढं कळलं असतं..." असं कुजबुजलाच, तर ती भिंतीवरच्या सरकारी पाटीकडे बोट दाखवायची. "वाचता येत नसंल तर मी वाचून दाखवते. मोठ्यानं." नवरा मुकाट बाहेर जाऊन विडी ओढायचा.

मैनाबाय उंबरमाळीच्या बाजूची, चौथी पास, लग्न होऊन शहापुरात आलेली. तिच्या घरात खुर्च्या तीन. एकीवर सासरा, दुसरीवर नवरा आणि तिसरीवर आला-गेला पाहुणा. पाहुणा नसला तर तिसरीवर नवऱ्याचे पाय. मैनाबायची जागा खाली, चुलीपाशी. पण दवाखान्यातली खुर्ची तिची. अकरा वर्षं तिचीच. एक हात मोडलेला, बुडाखाली जुन्या लुगड्याची घडी, पण तिथे ती बसली की सरपंचाची बायकोसुद्धा समोर उभी राहून "मैनाबाय, माझा नंबर कवा गो?" असं अदबीनं विचारायची. त्या खुर्चीवर तिचा जीव होता. त्यात लाजायचं काय? माणसं म्हशीवर जीव लावतात, ही खुर्चीवर लावायची.

तर दोन हजार सहा साली डॉक्टरांच्या डोक्यात सॉफ्टवेअर शिरलं. ठाण्याला कसल्याशा बैठकीला गेले आणि तिथून हे खूळ घेऊन आले. "मैनाबाई, यापुढे अपॉइंटमेंट कॉम्प्युटरवर. तिघं जण आपापलं सॉफ्टवेअर दाखवायला येतील. बरं वाटेल ते घेऊन टाकू."

"आन् मी?"

"तुम्हाला आराम! आत पेशंटांना टेबलावर चढवायला, उतरवायला कोणीतरी लागतंच की." आराम म्हणे! दिवसभर उभ्यानं. कॉम्प्युटरपाशी बसायला त्यांनी अक्षदा नावाची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मुलगी बघूनही ठेवली होती. मैनाबाय "बरं" म्हणाली आणि मोरीत जाऊन उगाच दोनदा तोंड धुऊन आली.

पहिला आला तो ठाण्याचा, टाय लावून. तो इंग्रजीत बोलायचा आणि त्याचं सॉफ्टवेअरही. त्यात प्रत्येक पेशंटचा ई-मेल भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. डॉक्टरांनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं. दुसऱ्यानं एक सीडी आणि एक कॅलेंडर आणलं. सीडी काही केल्या चालेना. कॅलेंडर मात्र चाललं, मैनाबायनं ते त्याच दिवशी खिळ्याला लावलं.

तिसरा हरेश. मुरबाडचा, चुणचुणीत, तोंडानं फटाकडा. सॉफ्टवेअर त्यानं स्वतः बनवलेलं आणि चक्क मराठीत. आल्या आल्या तो म्हणाला, "मावशी, तुमची वही बघू. कशी करता तुमी अपॉइंटमेंट?"

मैनाबायनं लांबलचक वही पुढे सरकवली. वहीत रकाने चार: नाव, गाव, गाडी, पाणी.

"वेळ कुठाय?"

"येळ कशाला? गाडी आली की येळ झाली."

"आन् हे पाणी? भातलावणी हाय का इथं?" हरेश खो खो हसला.

आता हा रकाना म्हणजे मैनाबायची अकरा वर्षांची विद्या. पोटाच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, नाहीतर डॉक्टरांना आतलं धड दिसत नाही. कमी भरलं तर उपयोग नाही, जास्त भरलं तर माणूस टेबलावर तळमळतो, आणि न राहवून मोकळं होऊन आलं तर पुन्हा पहिल्यापासून प्यायचं, पुन्हा तासभर थांबायचं. म्हणून मैनाबायचा कायदाच होता: पाणी ती सांगेल तेव्हाच प्यायचं. गाडी आली, माणसं बाकावर टेकली, आत किती जण आहेत ते तिनं बघितलं, की मग माठातून तांब्या. एक तांब्या, वहीत एक उभी काडी ओढायची. कुणाच्या काड्या किती आणि कुणाचा चेहरा कसा, यावर नंबर. अकरा वर्षांत कधी गोंधळ नाही.

"त्यात काय एवढं!" हरेश म्हणाला. "चिठ्ठीवरच छापू. 'दिलेल्या वेळेच्या एक तास आधी एक लिटर पाणी पिऊन यावे.' विषय संपला."

मैनाबायनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. मुरबाडची गाडी वेळेवर आली तो दिवस दिवाळीचा. रस्त्याला खड्डे म्हणजे काय विचारू नका. आणि त्या गाडीत पोटात लिटर-लिटर पाणी घेऊन बसलेली माणसं! एक वाक्य बोलली असती तर संपलं असतं. पण मग तिला आपली मोडक्या हाताची खुर्ची दिसली, त्यात ती अक्षदा दिसली. तिनं तोंड मिटलं. होऊ दे शोभा, ती मनात म्हणाली. एकदाची होऊ दे.

पुढच्या मंगळवारी चाचणी ठरली. हरेशनं दहा-दहा मिनिटांच्या वेळा पाडल्या, चिठ्ठ्या वाटल्या. सॉफ्टवेअर मोबाइल नंबर मागत होतं आणि पाड्यांवरच्या बायकांकडे कुठला मोबाइल? हरेशनं सगळ्यांच्या नावापुढे आपलाच नंबर ठोकला. आणि भरवसा तर एवढा, की तिसरा महिना लागलेल्या आपल्या बायकोलाच, भूमिकाला, त्यानं दहा-चाळीसची वेळ दिली. "घरचाच पेशंट! याहून मोठी गॅरंटी काय पायजे, सर?"

मंगळवारी सकाळी मैनाबाय आली तर टेबलावर कॉम्प्युटर आणि तिच्या खुर्चीत हरेश. तिनं बसायला घेतलेली लुगड्याची घडी त्यानं काढून खिडकीत ठेवली होती. मैनाबाय दाराशी उभी राहिली.

दहा वाजता बाजारपेठेतली लहानी नावाची बाई आली, तिचं सुरळीत झालं. दहा-दहा झाले, दहा-वीस झाले. मुरबाडची गाडी काही येईना. दर दहा मिनिटांनी पडद्यावरचं एक नाव लाल व्हायचं, पुढे 'गैरहजर' असं उमटायचं, आणि हरेशच्या खिशात मोबाइल वाजायचा. 'आपण वेळेवर न आल्याने आपली अपॉइंटमेंट रद्द झाली आहे.' तासाभरात असे सात निरोप त्याचे त्यालाच आले.

सव्वाअकराला गाडी लागली. किन्हवलीच्या अलीकडे पंक्चर झाली होती. सात माणसं स्टँडवरून निघाली ती धड चालत नव्हती, धड पळत नव्हती, मधलंच काहीतरी करत होती. सगळ्यांत पुढे काठी टेकत गोमा, सिद्धगडाच्या पायथ्याचा म्हातारा, मुतखड्याचा जुना मानकरी.

"चिठ्ठीत एक लिटर व्हता," तो दारातूनच ओरडला. "मी म्हनलं, दुखनं मोठं हाय, दोन घ्यावं. आतलं दार उघड, बाबा!"

हरेशनं कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटर म्हणाला, या सगळ्यांच्या वेळा गेल्या, आता थेट अडीच वाजता. मधल्या वेळा कुणाच्या? डोळखांबकडच्या लोकांच्या. ते कुठायत? त्यांची गाडी बाराला. म्हणजे आत डॉक्टर रिकामे, बाहेर माणसं भरलेली, आणि मधे सॉफ्टवेअर आडवं! बरं, दुसऱ्याच्या वेळेत नाव घालायची सोयच हरेशनं ठेवली नव्हती. वशिलेबाजी होऊ नये म्हणून. काय अक्कल!

"अहो," भूमिका दातांवर दात दाबून म्हणाली, "दार उघडा."

"तुझी वेळ गेली गो. आता दोन-चाळीस..." तेवढ्यात दुसऱ्या खेपेचा निरोप येऊन त्याचा खिसा वाजला. सवयीनं त्यानं निरोप मोठ्यानं वाचला. "'श्रीमती भूमिका, आपण गैरहजर आहात.'"

"मी गैरहजर?" भूमिकाचा आवाज स्टँडपर्यंत गेला असेल. "खड्ड्याखड्ड्याला देवाचं नाव घेत आले, ती मी गैरहजर? चुलीत घाला तुमचं सॉफ्टवेअर!"

मैनाबायनं पदर तोंडाला लावला. हसू आवरत नव्हतं. हीच ती शोभा, हिचीच तर ती आठ दिवस वाट बघत होती. फार फार बरं वाटलं तिला.

मग तिची नजर भिंतीकडे गेली. तिथं बुधी भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकत होती. वीस-एकवीसची पोर, डोंगरातल्या पाड्यावरची, पहिलटकरीण. गाडी धरायला अंधारातून चालत आलेली. मोरीत जाऊन मोकळी झाली, तर पुन्हा तासभर बसायचं, आणि दीडची परतीची गाडी चुकली तर पाड्यावर पोचायचं कसं? तिनं मैनाबायकडे बघितलं. डोळ्यांत पाणी तटतटलेलं.

"बाय, माझं काय चुकलं का गो? चिठ्ठीत व्हता तेवढाच प्याले मी."

मैनाबायचं हसू जागच्या जागी मेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. शोभा व्हायची होती सॉफ्टवेअरची आणि झाली या पोरीची. आणि वर हीच विचारतेय, माझं काय चुकलं!

"ऊठ," ती हरेशला म्हणाली. तो ताडकन उठला. ती काही बसली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं पदर खोचला. "कुनी कवा प्यालं, किती प्यालं, भराभर सांगा. लाज सोडा. बुधे, तू आधी, चल आत. त्या निळ्या लुगड्याची, तू तिच्यामागं. भूमिका, तू तिसरी, तवर पाय हलवत नको बसूस, त्यानं जास्त लागते. गोमाबाबा, तुमी मोरीत जा आन् अर्धं सोडून या."

"अर्धं?" गोमा काकुळतीला आला. "या वयात ते अर्ध्यावर थांबतं का गो?"

नाहीच थांबलं. म्हातारा मोरीतून बाहेर आला तो वरातीतल्या नवरदेवासारखा हसतमुख. मैनाबायनं त्याच्या हातात तांब्या दिला आणि त्याला रांगेच्या शेवटी बसवलं. बाराला डोळखांबची गाडी आली. "कुनी प्यालंय?" "थोडंथोडं." "बरं केलंत. आता मी सांगीपर्यंत घोटभर नाय." सव्वा वाजता मुरबाडची माणसं मोकळी झाली. बुधी जाताना नुसती हसली आणि दीडच्या गाडीकडे पळाली.

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले ते तापलेलेच. "हरेश, उचला तुमचा कॉम्प्युटर. मला नको हे. आमची मैनाबाई आणि तिची वही बरी."

झालं! जिंकली की मैनाबाय. खुर्ची रिकामी, समोरच. गुपचूप जाऊन बसायचं, एवढंच बाकी होतं. हरेश मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागला होता.

"डॉक्टरसाहेब," मैनाबाय म्हणाली, "त्याची एकट्याची चूक नाय. असं व्हनार ते मला त्याच दिशी कळलं व्हतं. मी बोलले नाय."

"का?"

"खुर्चीपायी."

डॉक्टरांनी त्या मोडक्या हाताच्या खुर्चीकडे जन्मात पहिल्यांदा बघावं तसं बघितलं. मैनाबायचे कान तापले होते, पण मान वर होती. डॉक्टर म्हणाले, "मग तुम्हीच सांगा. घ्यायचं की नाही? आणि घ्यायचं तर कोणाचं?"

"घ्या की. वही माझी, माझ्याबिगर कुनाला कळत नाय. मी दोन दिस तापानं पडले तर लोकांनी काय करायचं?" ती म्हणाली. "ह्याचंच घ्या. बाकीच्या दोघांच्या बायका मुरबाडच्या गाडीनं येत नाय."

बाकावरून भूमिका फसकन हसली.

"पन वेळ काढ रे त्यातली," मैनाबाय हरेशला म्हणाली. "गाडी घाल. आन् पाणी घाल."

महिन्याभरानं कॉम्प्युटर कायमचा आला. हरेशनं तिचे चारही रकाने जसेच्या तसे घातले होते, आणि काड्यासुद्धा: एक बटण दाबलं की एक काडी. अक्षदाही आली होती. डोळखांबची गाडी नुकतीच लागलेली, बाकं बायकांनी भरलेली.

"आता पहिलं यात नाव टाकायचं," हरेश म्हणाला. "या खुर्चीत कोण बसनार, त्याचं."

अक्षदानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खिडकीपाशी गेले, कॉम्प्युटर मांडताना पुन्हा तिथं गेलेली लुगड्याची घडी उचलली आणि स्वतःच्या हातानं खुर्चीत ठेवली. "बसा, मैनाबाई. अक्षदा, तुला आतून स्टूल आण आणि त्यांना शिकव."

मैनाबाय बसली. एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं आपलं नाव टाकायला घेतलं. दोन अक्षरांच्या नावाला चांगली दहा मिनिटं लागली. मधे एकदा सगळं पुसलं गेलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर बाकांवरच्या बायका निवांत गप्पा मारत बसल्या होत्या. कुणालाच घाई नव्हती. एकीनंही पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण मैनाबायनं अजून सांगितलंच नव्हतं.