आर्लीन दर एप्रिलला कुठे जायची

घर विकायचं मी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ठरवलं. करार स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता, फक्त माझी सही राहिली होती. ती घ्यायला शनिवारी बर्लिंग्टनहून एजंट बाई येणार होत्या. कनेटिकटचं कुणी जोडपं होतं, त्यांना उन्हाळ्यात चार आठवडे डोंगर बघायला घर हवं होतं. मी त्याच घरात माडीवरच्या पुढच्या खोलीत जन्मलो, त्याला बहात्तर वर्षं झाली.

विकायला कारण एकच, घरपट्टी. दोन वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली. आणि आमच्या व्हरमॉंट राज्यात घरपट्टी म्हणजे मुख्यतः शाळेचा खर्च. पोरं गळतायत, साहेब वाढतायत. माझ्या वेळी साठ पोरं आणि शिकवायला तीन बाया होत्या, आता एकतीस पोरं आणि त्यांच्यावर हा समन्वयक, तो संचालक. एवढं करून चौथीतल्या निम्म्या पोरांना धड वाचता येत नाही. हे मी म्हणत नाही, शाळेचाच अहवाल म्हणतो. वर गेल्या साली शाळेतला तेलाचा बॉयलर वाईट म्हणून भिंतींवर वर्ग तापवणारे विजेचे हीट पंप लावले. जानेवारीत पारा उणे पंचवीसवर गेला तेव्हा पोरं कोट घालून बसली आणि शेवटी तोच म्हातारा बॉयलर पेटवावा लागला. आता राजधानीतल्या लोकांना माझ्या घर तापवायच्या तेलावरही नियम आणायचाय. त्यांच्यातल्या एकानं तरी इथला हिवाळा काढलाय का, देव जाणे.

हे सगळं मी दर मार्चला गावसभेत उभा राहून सांगतो. सभा चालवणारा मॉडरेटर शाळेचं बजेट वाचतो आणि "रॉयस टॅट्रो, बोला" असं मी हात वर करायच्या आधीच म्हणतो. भाषणाचा शेवट माझा ठरलेला: "मी या राज्याकडून आजवर एक डॉलर घेतलेला नाही, आणि घेणारही नाही." मागच्या बाकांवरचे टाळ्या वाजवतात. आर्लीन, माझी बायको, तेव्हा खाली सभागृहाच्या तळघरात सगळ्यांच्या जेवणाच्या बीन्स ढवळत असायची. तिला जाऊन अडीच वर्षं झाली.

सही करण्याआधी एकदा मनसोक्त भांडून घ्यावं म्हणून गुरुवारी मी बिल घेऊन गावच्या कचेरीत गेलो. तिथं मेव्हिस पेल्की बसते. सव्वीस वर्षं गावची कारकून आहे, शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होती, आणि मतदानात बहुतेक वेळा माझ्याच बाजूला असते. त्यामुळे तिच्यावर ओरडायची पंचाईत होते.

"हे बघ," मी बिल तिच्यासमोर आपटलं. "खूश का आता? घर काढलं विकायला."

मेव्हिसनं विणकाम खाली ठेवलं. "काय काढलंस?"

"विकायला. शनिवारी सही. तुझ्या शाळेला सांग, टॅट्रोचं घर पचलं म्हणावं."

"माझी शाळा कशानं झाली रे? मीही विरोधातच मत दिलं." तिनं चष्मा लावला आणि बिल वाचायला घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "रॉयस, एक विचारू? चिडणार नाहीस?"

"चिडायलाच आलोय."

"तू घराचा अर्ज अजूनही भरत नाहीस. ते तत्त्व म्हणूनच ना?"

"कुठला अर्ज?"

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दर एप्रिलला भरतात तो," ती हळू आवाजात म्हणाली. "हे माझं राहतं घर आहे, मी इथंच राहतो, असं राज्याला लिहून द्यायचं. सोबत आपलं उत्पन्न लिहायचं. तुझ्यामाझ्यासारख्यांची शाळेची पट्टी त्यानं बरीच उतरते. नाही भरला तर तू आणि उन्हाळ्यापुरता येणारा कुणी कनेटिकटवाला, राज्याला दोघं सारखेच."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "म्हणजे माझ्या आज्यानं बांधलेल्या घरात मी राहतो, हे मी दर वर्षी त्यांना लिहून द्यायचं? मी दुसरं कुठे राहणार? चंद्रावर?"

"ते मला नको सांगू. पण आर्लीन भरायची."

"आर्लीन?"

"याच खुर्चीत बसून. चौदा वर्षं."

"खोटं. एप्रिलमध्ये ती इथं कुत्र्याचं लायसन्स करायला यायची."

"रॉयस," मेव्हिस म्हणाली, "तुमचा कुत्रा मरून किती वर्षं झाली?"

मी मनात हिशेब केला. आर्लीन गेली त्याच्याही आधी सहा वर्षं. त्या सहाही वर्षी ती एप्रिलमध्ये हातात पर्स घेऊन "लायसन्सचं बघून येते" म्हणून निघाली होती आणि मी वर्तमानपत्रातून मानसुद्धा वर केली नव्हती. तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी खुर्चीत बसलो, तीही तिचीच.

"मला म्हणायची, त्याला सांगू नकोस, भांडत बसेल," मेव्हिस म्हणाली. "मार्चमध्ये तू वर ते भाषण ठोकायचास, एक डॉलर घेतला नाही म्हणून, आणि ती खाली बीन्स ढवळता ढवळता इतकी हसायची की आम्हाला तिच्या हातातला डाव काढून घ्यावा लागायचा."

"सगळ्या बायकांना माहीत होतं?"

"बीन्सवाल्या सगळ्यांना."

"मग ती गेल्यावर मला कुणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? आम्हाला वाटलं, आता घर तुझ्या हातात आलं, तू तत्त्वानं घेत नाहीयेस. मी तर चारचौघांत तुझं कौतुक केलं. आणि तू माणूस कसला? विचारलं असतं तर म्हणाला असतास, तुला काय करायचंय."

म्हणालोच असतो. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरातलं विचारत नाही आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्या अभिमानापायी मी घराबाहेर पडायच्या बेतात होतो.

"पण ती मदतच झाली ना," मी म्हणालो. "राज्यापुढे हात पसरणंच ते."

"हात कसले पसरतोस? आधी त्यांनी तुझ्या खिशात हात घातला. आपलं होतं ते परत मागायचं. त्यात कसली लाज?"

खरं सांगतो, त्या घटकेला मला यापेक्षा शहाणं कुणी बोलेल असं वाटलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "आता ऑक्टोबर आहे. एप्रिल गेला."

"उशिराची मुदत पंधरा तारखेपर्यंत असते. थोडे पैसे कापतात. मागची दोन वर्षं मात्र गेली, ती परत यायची नाहीत. या वर्षीचं बिल मी तुला नवीन देईन." तिनं खणातून कागद काढला आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "लिही. आणि बडबड न करता लिही."

माझा जीव भांड्यात पडला. उत्पन्नाच्या आकड्यांपाशी अडखळलो तिथं मेव्हिसनं मदत केली. सही केली ती इतकी वाकडी आली की ती म्हणाली, "शाळेच्या निकालाला नावं ठेवतोस आणि हे अक्षर?"

"मार्चमध्ये मत विरोधातच देणार," मी म्हणालो.

"दे की. मी पण देणार आहे. त्या पंपांचं मला अजून उत्तर मिळालेलं नाही."

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. कोट न काढताच मी एजंट बाईंना फोन लावला. आवाज तरुण होता, गोड होता.

"मिस्टर टॅट्रो! शनिवारचं पक्कं ना? त्या दोघांना तुमचं स्वयंपाकघर फार आवडलंय."

"मलाही आवडतं," मी म्हणालो. "घर विकायचं नाही."

"अहो, पण का? दुसरी कुणाची ऑफर आली का?"

"नाही. इथं माणूस राहतो."

"कोण?"

"मी," मी म्हणालो. "मी राहतो इथं."

फोन ठेवला आणि टेबलापाशी आर्लीन बसायची त्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "चौदा वर्षं! बरी आहेस हं तू!" मग मला हसू फुटलं. तिच्या दफनाच्या दिवशी जे रडू आलं नव्हतं, ते त्या हसण्यातच आलं, आणि मी ते अडवलं नाही.