ई तार

सात वर्षांची असताना मी राउहाकडे व्हायोलिन शिकायला गेले, ते डोक्यात भलतंसलतं घेऊनच. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी गज हातात मिळेल आणि घरी येऊन मी आईला गाणं वाजवून दाखवीन. राउहानं व्हायोलिनच्या चारही तारा काढल्या, टेबलावर ओळीनं ठेवल्या आणि म्हणाली, "लाव."

"आणि वाजवायचं कधी?"

"आधी लाव. बोलायला किती लागतं तुला, केर्त्तु!"

पूर्ण तास त्यातच गेला. सगळ्यात बारीक, सगळ्यात वरची ई तार माझ्या हातून तीनदा निसटून गालावर बसली. मी रडत घरी आले आणि जाहीर केलं की ती बाई दुष्ट आहे. त्यात भर म्हणजे दर नाताळला बाकीच्या शिक्षिका मुलांना चॉकलेटं द्यायच्या आणि राउहा पाकिटात घालून एक ई तार द्यायची. "चॉकलेट संपतं. ही जवळ ठेव, कार्यक्रमाला जाताना तर ठेवच," असं वर सांगायची. आमच्या गावात पोरं तिला मागून तारवाली म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

दहा वर्षं मी तिच्याकडे शिकले. या शरद ऋतूत तिनं शिकवणं थांबवलं, कारण डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवाही चालला होता. ख्रिसमसच्या आधी ती ओउलूला लेकीकडे कायमची जाणार होती. नोव्हेंबरात आमच्या संगीतशाळेच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. म्हणजे तिला मला ऐकायची ही शेवटची संधी. मला दुसरं काही नको होतं, फक्त तिच्या कानात थोडंसं शिल्लक आहे तोवर तिनं मला ऐकावं.

आमच्याकडे जागा दर कार्यक्रमाला फिरतात, आणि यंदा माझ्या वाट्याला नेमकं पहिल्या व्हायोलिनांच्या गटातलं शेवटचं बाक आलं. पुढे, सगळ्यांच्या समोर, एकटा उभा राहून वाजवणार होता ओत्सो. वसंतातल्या स्पर्धेत त्यानं मला हरवलं होतं. बक्षीस म्हणून त्याला एका संस्थेनं वर्षभरासाठी जुनं इटालियन व्हायोलिन वापरायला दिलं होतं. मी ते व्हायोलिन एकदाच, काचेपलीकडे पाहिलं होतं. तेव्हापासून ते माझ्या स्वप्नात यायचं. स्वप्नात ओत्सो नसायचा, हे सांगायला नकोच.

राउहासाठी मी बाजूच्या सज्जातली खुर्ची धरली होती. तिचा उजवा कान बरोबर आमच्या बाकावर येत होता. तालमीच्या दिवशीच मी तिथे बसून खात्री करून घेतली होती. आम्ही वाजवणार त्या रचनेचे तीन भाग; मधल्या संथ भागात पहिल्या व्हायोलिनांना एक लांब सुरावट आहे. ती मी महिनाभर घोटली होती. शेजारी बसणारी हिल्ला वैतागून म्हणाली होती, "अगं, आपण आठ जण वाजवणार आहोत ती. तू एकटी नाहीस."

"राउहा मला वेगळं काढून ऐकेल."

"आणि मला?"

"तुला कोण ऐकतंय!"

कार्यक्रम सुरू झाला. राउहा सज्जात निळा स्वेटर घालून, मान तिरकी करून बसली होती. पहिला भाग संपत आला आणि ओत्सो अगदी जोरात असताना टण्णकन आवाज झाला. त्याची ई तार तुटली होती.

अशा वेळी काय करायचं ते आमच्यातल्या बारक्या पोरांनाही पाठ असतं. थांबायचं नाही. ओत्सोनं आपलं व्हायोलिन पहिल्या बाकावरच्या मुलीला दिलं आणि तिचं घेऊन वाजवू लागला. तिनं तुटकं मागच्याला दिलं नि धडकं घेतलं, त्यानं त्याच्या मागच्याला. संगीत चालूच होतं. बघता बघता माझ्या पुढचा मुलगा मागे वळला आणि हात पुढे केला.

शेवटच्या बाकामागे कुणी नसतं. मी माझं व्हायोलिन त्याला दिलं आणि तुटकं घेतलं. ते होतं ते इटालियन, माझ्या स्वप्नातलं.

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, तशी माझी गत झाली. ते व्हायोलिन माझ्या मांडीवर होतं आणि वाजत नव्हतं. माझं स्वतःचं पुढे गेलं होतं. आणि आता संथ भाग सुरू होणार होता, माझी सुरावट, माझी राउहा. हातातोंडाशी आलेला घास गेला. मी सज्जाकडे बघायचं धाडस केलं नाही.

संथ भाग सुरू झाला. हिल्ला वाजवत होती, सगळे वाजवत होते. माझ्या काळ्या जाकिटाच्या खिशात राउहानं गेल्या नाताळला दिलेलं पाकीट होतं. ते आहे हे खाली कुणालाच माहीत नव्हतं. मनात एक चोरटा विचार आला: राहू दे की. ओत्सोला वाजवू दे शेवटचा भाग परक्या व्हायोलिनवर. शेवटी त्याला एकट्यानं वाजवायचा लांब, अवघड तुकडा आहे, बघू तरी काय करतो ते. कुणी मला विचारणार नव्हतं.

खोटं कशाला सांगू, तो विचार मला गोड वाटला. पण मन असा वाद घालत असताना हात कामाला लागलेसुद्धा होते. तुटक्या तारेची टोकं निघाली. नवी तार खालच्या बारीक स्क्रूशी अडकली, घोडीवरून वर गेली, खुंटीत शिरली. एकदाही निसटली नाही. मग मी कान लाकडाला चिकटवला आणि सगळ्यांचं वाजवणं जिथे मोठं होतं तिथे बोटाच्या टोकानं तार हळूच छेडली. नवी तार सैल पडून सुरातून उतरते. ओढायची, थांबायची, पुन्हा चढवायची. त्या जुन्या लाकडातून आवाज आला तो इतका गोड, की मला ओत्सोचा राग धरणंच जमेना. असलं व्हायोलिन ज्याचं त्याच्याच हातात गेलं पाहिजे, असं मला तिथे मनापासून वाटलं.

संथ भाग संपला. मी व्हायोलिन पुढे केलं. हातोहात ते परत गेलं आणि सगळ्यांची आपापली मागे आली. ओत्सोनं तार छेडली, स्क्रू जरा फिरवला आणि थेट मागच्या बाकाकडे बघून मान झुकवली. मग त्यानं जे वाजवलं, ते ऐकताना मला पहिल्यांदाच वाटलं की हरले ते बरोबरच हरले. आणि असं मलाही एकदा वाजवायचंय, हेही वाटलं.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत कॉफी आणि वेलचीचे गोड पाव होते. राउहा काठी टेकत आली. मी तिला मिठी मारली आणि तिच्या उजव्या कानाशी ओरडले, "राउहा, मी वाजवलंच नाही गं! तुला ऐकवायचं होतं ती जागा माझ्याविनाच गेली."

"पाहिलं मी," ती म्हणाली. "छान लावलीस. गालावर नाही बसली यंदा."

मला हसूही आलं आणि रडूही. मी एवढंच म्हणू शकले, "थँक्यू. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्याचं. तेव्हा मी तुला दुष्ट म्हणाले होते."

"माहीत आहे. तुझ्या आईनं त्याच संध्याकाळी फोन केला होता."

तेवढ्यात ओत्सो पावाचा घास चघळत आला. त्यानं ते इटालियन माझ्यापुढे धरलं. "घे. वाजव तिला काय ऐकवायचंय ते."

"हे? वेडा झालास? पाडलं तर?"

"तार लावताना नाही पाडलंस. आणि माझा विचार बदलायच्या आत घे, मी काही संत नाही."

हिल्लानं दार लावून घेतलं आणि कॉफीचे कप बाजूला सारले. राउहा खुर्चीत बसली आणि उजवा कान माझ्याकडे केला. मी इतकी जवळ उभी राहिले की गज तिच्या स्वेटरला लागेल की काय वाटत होतं. मी ती लांब सुरावट सुरुवातीपासून वाजवली. आठ जणांची होती ती, एकटीनं वाजवली. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी पावाला हात लावला नाही.

राउहा डोळे मिटून बसली होती. सूर संपला तरी तिनं ते उघडले नाहीत. तिला काहीच ऐकू आलं नाही, आपण उगाच तिला कानकोंडं केलं, असं वाटून मी व्हायोलिन खाली घेतलं.

मग तिनं डोळे उघडले.

"ई तार उतरलीय," ती म्हणाली. "किंचित. वाजवण्याआधी बघायची असते, किती वेळा सांगितलं?"

"नवी तार आहे, राउहा, उतरणारच," ओत्सो माझी बाजू घेऊन म्हणाला.

मी व्हायोलिन पुन्हा कानाशी धरलं. बोट लावून तार छेडून पाहिली. खरंच उतरली होती, केसभर. राउहाला ऐकू आलं होतं.