लोण्यासारखी बंदूक

माझ्या नवऱ्याला, डेल्मरला, देवानं सगळं दिलं, फक्त स्वस्थ बसायची अक्कल द्यायची राहिली. आठवडाभर आख्ख्या वायोमिंगला विमा विकत हिंडतो आणि रविवारी काउबॉयची मोठ्ठी हॅट घालून, बुटांना काट्यांची चाकं लावून ‘वादळी डेल’ होतो. त्याच्यासारखेच बाकीचे पोट सुटलेले बाप्ये, सगळ्यांची अशीच भयंकर नावं. घड्याळ लावून लोखंडी ताटल्यांवर गोळ्या झाडतात. ताटल्या काही पळून जात नाहीत, पण घाई केवढी! दर गोळीला बंदुकीखालची लिव्हर ओढावी लागते; ती झपाझप ओढता यावी म्हणून घोडा आपटणारी स्प्रिंग कानशीनं घासून घासून मऊ करायची, हा त्यांचा धर्म.

करा बापडे. माझं काय जातंय? माझं गेलं ते यंदा.

किती वर्षांनी सोडतीत माझं नाव निघालं. शिंगाळ्या एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना! पुन्हा निघेल तेव्हा मी काठी टेकत असेन. ठरवलं, मारायचा तो बाबांच्या बंदुकीनं. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांनीच मला शिकवलं होतं. लिव्हर इतकी कडक की मनगट कळवळायचं. बाबा म्हणायचे, “दुखू दे गं ठमे. दुखतंय म्हणजे घोडा नीट आपटणार.”

डेल्मरनं एकदाच ओढून बघितली. “ऑर्फा, बंदूक आहे की गंजलेलं फाटक? दे, लोण्यासारखी करून देतो.”

“हात लावशील तर बघ!”

मग मी बहिणीकडे गेले आणि इथे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. परत आले तर स्वारी दारातच बंदूक घेऊन उभी. “ओढ की, ओढून तर बघ! सगळ्या गोळ्या सुटल्या, एक चुकली नाही.”

खूप भांडले. पण खोटं कशाला बोलू, लिव्हर बोटानं सरकत होती. मलाही क्षणभर गंमत वाटली.

हंगामाचा शेवटचा दिवस, डोंगरावर पहाटे कडाक्याची थंडी. आम्ही दोघं झाडाआड. आणि तो आला. काय शिंगं होती, अगं बाई! माझ्यासमोर आडवा उभा. श्वास रोखला, चाप ओढला.

टिक.

लिव्हर ओढली, दुसरं काडतूस आत. टिक. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदाही टिक झाल्यावर तो सावकाश, अगदी चालत चालत निघून गेला.

बर्फातलं काडतूस उचललं. बुडाच्या टोपीवर घोडा जोरात आपटला तर आतली दारू पेटणार ना! हिच्यावर टाचणी टोचल्याएवढा खळगा.

“डेल्मर, तू तपासलीस ती कुठल्या काडतुसांनी रे?”

“माझ्याच. घरी भरलेल्या. त्यांच्या टोप्या मऊ असतात ना…”

“आणि ही?”

“ही दुकानातली. शिकारीची. टणक असतात यांच्या. पण ऑर्फा, लिव्हर कशी सरकली बघितलंस ना? आवाजसुद्धा नाही!”

मी तिथेच बसून ढसाढसा रडले. एल्कसाठी कमी, बाबांसाठी जास्त.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं शहरातून नवी कडक स्प्रिंग आणून बसवली. वरातीमागून घोडं. घासलेली स्प्रिंग काही पुन्हा जाड होत नाही. ती मी जेवणाच्या टेबलावर ठेवलीय, मिठाच्या बाटलीशेजारी. मीठ घ्यायला हात पुढे केला की त्याला ती बाजूला सारावी लागते. त्यामुळे हल्ली तो अळणीच खातो.

मांसानं भरायचा फ्रीझर रिकामा गुरगुरतोय. काल जेवताना डेल्मर हळूच म्हणाला, “आज पण बीन्सच?”

“वसंत येईपर्यंत बीन्सच,” मी म्हटलं. “खा की. मुद्दाम मऊ शिजवलेत. बघ कसे लोण्यासारखे उतरतात.”