एक्केचाळीस माणसांची भिंत

बेलकोंड्याच्या वाचनालयात रोज अकरा माणसं यायची. त्यातली सहा पंख्याच्या वाऱ्यासाठी, तीन घरी सुनेशी पटत नाही म्हणून, एक नोकरीच्या जाहिराती उतरवून घ्यायला, आणि रिटायर तलाठी तेवढे खरंच वाचायला. तेही अग्रलेखाच्या दुसऱ्या ओळीवर घोरायला लागायचे. भिंतीवर मात्र एक्केचाळीस माणसं होती आणि त्यातलं एकही कधी गैरहजर राहायचं नाही.

ही हजेरी चांदपाशा शिपायाची. सकाळी झाडून झालं की तो भिंतीसमोर उभा राहून मोजायचा. माणसं एक्केचाळीस, बैल सात, गाढवं दोन आणि एक उंट. बेलकोंड्याच्या सोमवारच्या बाजारात उंट कधी आला होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारलंही नव्हतं.

इमारत निजामाच्या वेळची कचेरी. अठ्ठावन्न साली हैदराबादेकडून एक नाटक कंपनी आली आणि इथंच बुडाली. नट पळाले, पडदे रंगवणारा पेंटर तेवढा मागं राहिला. गावानं त्याला सहा महिने जेवू घातलं आणि त्यानं ही भिंत रंगवून दिली. बाजारात जो दिसेल त्याला उभा करून त्याचा चेहरा उतरवला. नाव मात्र एकाचंही लिहिलं नाही.

मधोमध एक तरणा पखालवाला होता. पाठीवर भरलेली पखाल, कमरेत वाकलेला, समोरच्या फेटेवाल्याच्या ओंजळीत पाणी ओतणारा. धारेकडं बघून तो जरासा हसत होता. ते चांदपाशाचे अब्बा.

चांदपाशा पाच वर्षांचा असताना ते गेले. फोटो कधी काढलाच नव्हता. त्याची अम्मा दर शुक्रवारी त्याला इथं आणायची आणि बोट दाखवायची, "देख, तेरे अब्बा." त्यामुळं दुसऱ्यांचे बाप चालायचे, रागवायचे, खोकायचे, चांदपाशाचा बाप आयुष्यभर पाणी ओतत उभा होता. अम्माही गेली, तेव्हापासून हे ठाऊक असलेली दोनच माणसं उरली, तो आणि त्याची बायको साबेरा. शिपायानं सरकारी भिंतीवर हक्क सांगू नये, असं चांदपाशाचं मत होतं. साबेराचं मत वेगळं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये एक बाई निलंग्याची एसटी चुकली म्हणून सावलीला आत आली. लातूरच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवायची, नाव सुकन्या. भिंत बघितली आणि हातातली बाटली तशीच विसरून गेली.

"चाचा, हे काय आहे? लातुरात कुणाला माहीतच नाही!"

"इथं तरी कुणाला माहीत हाय, म्याडम?"

मग ती खाली फरशीवरच बसली. आणखी दोन एसट्या चुकवल्या. चांदपाशानं तीस वर्षं बघून जे बघितलं नव्हतं, ते तिनं तीन तासांत दाखवलं. कासारणीच्या प्रत्येक बांगडीवर उजेडाचा वेगळा ठिपका होता. सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडल्या होत्या, उंटाची तेवढी उलटी.

"उंट त्यानं इथं बघितलाच नाही, चाचा. दुसरीकडच्या उन्हातला आहे तो. घरची आठवण आली असेल."

चांदपाशाला उंटाची एकदम दया आली.

जाताना तिनं मोबाईलवर फोटो काढले. "मधे उभे राहा ना जरा. भिंत केवढी आहे ते कळेल." चांदपाशानं खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उभा राहिला. तिनं बजावलं, "हिला पाणी नाही, तेल नाही, हातसुद्धा लावू द्यायचा नाही. मी पुरातत्त्ववाल्यांना लिहिते."

तिनं लिहिलं. तिकडं कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला आणि इकडं जुलैत नगराध्यक्ष सुदर्शन आले.

"चांदभाई, इथं लातूरसारखी अभ्यासिका करायलोय. वरपर्यंत पांढरी फरशी. ही भिंत लई कळकट दिसायलीय."

चांदपाशा एरवी अध्यक्षांपुढं बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. "लावा की, मालक. तुमचे आजोबा तेवढे सोडून लावा."

"कुठले आजोबा?"

चांदपाशानं ओंजळीनं पाणी पिणारा फेटेवाला दाखवला. "माझी अम्मा सांगायची. बाजारात आले की समदे उठून उभे राहायचे म्हणं."

तो फेटेवाला कोण, हे कुणाच्याच अम्मानं कधी सांगितलं नव्हतं. फेटा मोठा होता, म्हणून चांदपाशानं तो अध्यक्षांना दिला. सुदर्शन बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. "नाक आमचंच हाय!"

फरशी थांबली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी आईला आणलं, भिंतीपुढं नारळ फुटला, आणि ही बातमी बाजारभर झाली. मग गाव चांदपाशाकडं यायला लागलं. "चांदचाचा, आमचा कोणता?" तो माणूस बघून पूर्वज द्यायचा. तेल्याला घाण्याजवळचा, बांगड्या विकणाऱ्या गौरम्माला कासारीण, तलाठ्यांना झाडाखाली झोपलेला. ते नाराज झाले, पण घेतला. सहा आठवड्यांत चाळीस वाटून झाले. भिंतीचे एवढे वारस झाल्यावर आता तिला कोण हात लावतो, असं मनाशी म्हणत चांदपाशा खुशीत घरी आला.

"आन् सासऱ्याचं काय केलं?" साबेरानं विचारलं.

"ते कुणाला दिले न्हाईत. ते आपले."

"मंग सांग की लोकांला."

"सांगू. घाई काय हाय? रोज तर बघतोय."

सर्वपित्री अमावास्येला सकाळी कुलूप काढलं तर दारात रांग. आजवर ज्यांच्या घरी पूर्वजांचा फोटो नव्हता, त्या सगळ्यांना भिंतीवर पूर्वज मिळाला होता. प्रत्येकानं कपाळाला गंध लावलं. हार अडकवायला खिळे ठोकले. घोटभर दुधाचा नैवेद्य ओठांना लावला. तांबोळ्यांनी हार घातला नाही, पण अत्तराचा फाया गालावर फिरवून गेले. चांदपाशा ओरडत होता, "हात लावू नका, म्याडमनं सांगितलंय," आणि लोक त्याला म्हणत होते, "आमच्या आज्याला आम्ही हात लावू नये?"

दिवाळीपर्यंत दुधाला बुरशी आली, गंधाखालचा रंग पापुद्रे धरून सुटला. तेव्हा सुदर्शननी निलंग्याहून बोर्ड रंगवणारा आणि ऑईलपेंटचे डबे आणले.

"समद्यांचे चेहरे नवे करून टाक. आन् आमचा आजा सरळ उभा कर. तो कुणापुढं वाकून पाणी पीत न्हवता. मधला हा पाणक्या काढ, त्याच्यापायी आजोबा निम्मे झाकलेत."

चांदपाशा पुढं झाला. "मालक, तो माझा बाप हाय."

सुदर्शन हसले आणि जमलेले सगळेच हसले. "चांदभाई, चाळीस वाटलेस आन् उरलेला सोताला ठिवला व्हय? आधी का न्हाई बोललास?"

आपलं खरं पटवून द्यायचं तर त्याला आधी बाकीचं खोटं कबूल करावं लागणार होतं. चांदपाशानं सभोवार बघितलं. गौरम्मा कासारणीपुढं हात जोडून उभी होती. स्वतःच्या आजीला तिनंही कधी बघितलं नव्हतं. चाळीस खोटे म्हणावे तर उद्याच फरशी लागणार, भिंतीसकट अब्बाही जाणार. न म्हणावं तर अब्बा आत्ताच चालले. त्यानं दोन्हीकडून मोजून बघितलं, दोन्हीकडून तेवढंच आलं.

"बोल की."

"काय न्हाई, मालक."

दुपारी तीनपर्यंत अब्बांच्या जागी आजोबांचं धोतर आणि करकरीत जोडे आले. पेंटर कंटाळला होता. पाण्याची धार पुसायची त्यानं तशीच सोडली. ती आता हवेतून निघून आजोबांच्या जोड्यांवर पडत होती.

थंडीत ऑईलपेंट फुगला आणि पूर्वजांची नाकं गळायला लागली. वारसांनी हार घालणं बंद केलं. जानेवारीत सुकन्या पुरातत्त्वच्या साहेबांना घेऊन आली. साहेबांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "यात जुनं काय उरलंय?" म्हणाले आणि उभ्याउभ्या दीड ओळ लिहून गाडीत जाऊन बसले. फरशीच्या पेट्या व्हरांड्यात येऊन पडल्याच होत्या.

सुकन्या भिंतीपाशीच थांबली. "चाचा, मी सांगितलं होतं ना?"

"हाव, म्याडम." तो थोडा घुटमळला. "तुमच्या मोबाईलात तवाचा फोटो असंल न्हवं?"

होता. तिनं काढून दिला. चांदपाशानं मोबाईल दोन्ही हातांत धरला. कासारीण होती, घाणा होता, उलट्या सावलीचा उंट होता. फेटेवाल्याची ओंजळ होती, ओंजळीत पडणारी धार होती. आणि धारेच्या वर, जिथं अब्बा असायचे तिथं, खाकी शर्टाचं वरचं बटण लावून तो स्वतः ताठ उभा होता. त्याच्या खांद्यामागून पखालीचं टोक तेवढं दिसत होतं.

"दुसरा न्हाई का?"

"चार आहेत. सगळ्यांत तुम्ही आहात, चाचा. मीच उभं केलं होतं."

त्यानं चारही बघितले. मग मोबाईल तिच्यापुढं धरून, बोटानं स्वतःला दाखवत हळूच विचारलं, "म्याडम, ह्याला जरा बाजूला सरकवता येतंय का?"