लाडीचं वय

जयूचे वडील शाळेत गणितात कधी पास झाले नाहीत, पण एक गणित त्यांनी मला असं पढवलं की आठ वर्षं मी ते बोटांवर मोजत बसले. घोड्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची तीन. बस्स, एवढंच.

सत्त्याऐंशी साली दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत ह्यांनी पांढरी घोडी घेतली. कापडाच्या लूमच्या खात्यात कान बधिर करून घेण्यापेक्षा सुरतेत लग्नाच्या वराती करू, म्हणाले. नाव ठेवलं लाडी. लिंबायतला आमची एकच खोली, मागे पत्र्याचा आडोसा. म्हणजे घोडीला जागा झाली अन् माझ्या पोरीला नाही झाली! जयू तेव्हा सहा वर्षांची. "राहू दे थोडे दिवस तुझ्या आईकडे," म्हणाले. घोडी ट्रकनं पुढे धाडली, पोर तापीकाठी माझ्या माहेरी ठेवली, अन् आम्ही दोंडाईच्याला गाडीत बसलो.

नवापूर आलं तरी माझं रडू थांबेना. तेव्हा ह्यांनी ते गणित काढलं. "हे बघ सरला, मी बत्तीसचा. लाडी चार वर्षांची, म्हणजे माणसाची बारा. माझं एक वर्ष सरेल तेव्हा तिची तीन सरतील. दहा वर्षांत दोघं बेचाळीसचे होऊ. ती अन् मी एका वयाचे झालो की सुरत बंद. गावाला जायचं, पोरीजवळ."

मी मूर्ख! मला ते पटलं. डोळे पुसले अन् दशम्या सोडल्या.

मग दर दत्तजयंतीला मी लाडीच्या तोंडात गुळाचा खडा घालायची अन् म्हणायची, चल बाई, उचल पाय, लवकर म्हातारी हो. कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळ्या लेकी महिनाभर माहेरी झोके घेतात, मी दोन रात्री. कारण तेव्हाच सुरतेत वराती. जाताना जयूला फ्रॉक घ्यायची. दुकानदार विचारायचा, केवढी पोरगी? मी हातानं उंची दाखवायची, अन् तो फ्रॉक दरवेळी आखूड व्हायचा. आईला स्वतःच्या पोरीच्या अंगाचा अंदाज नाही! परत येताना गाडीत तो आखूड फ्रॉक मांडीवर घेऊन बसायची. बाई, जीव नुसता तुटायचा.

पंच्याण्णवचा मार्गशीर्ष आला. माझ्या मोजणीनं अजून दोन वर्षं. ऐन लग्नसराईत लाडीचा नाल निखळला. हे वरात ठरवायला कडोदऱ्याला गेलेले, म्हणून मीच निंबाबाबा नालबंदाला बोलावलं. म्हातारा आमच्याच गावाकडचा. नाल ठोकून झाल्यावर त्यानं सवयीनं लाडीचा ओठ वर केला अन् म्हणाला, "आता हिला रात्री दोन-दोन वराती नको देऊ, सरलाबाई. वय झालं."

"कसलं वय? बारा तर वर्षांची आहे."

"बारा?" म्हातारा हसत सुटला. "एकोणीस वरीसनी शे ही!"

मला जवळ बोलावून त्यानं दाखवलं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक तपकिरी रेघ असते. दहाव्या वर्षी ती हिरडीतून निघते अन् विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. लाडीची रेघ टोकाला टेकत आली होती.

निंबाबाबा गेला अन् मी तिथंच शेणाच्या पाटीशेजारी बसले. एकोणीसातून आठ गेले, अकरा. अकरा त्रिक तेहेतीस. घेतली त्या दिवशीच ती ह्यांच्यापेक्षा एक वर्षानं मोठी होती. माय वं! मोजायला काही उरलंच नव्हतं, अन् मी मोजत होते.

मला आधी ह्यांचीच कीव आली, बघा. संध्याकाळी आले तसं मी म्हटलं, "अहो, त्या व्यापाऱ्यानं फसवलं तुम्हाला. लाडी एकोणीसची आहे."

ह्यांनी मान वर केली नाही. लाडीच्या पाठीवर खरारा फिरवत राहिले.

"मला कोण फसवणार?" हळूच म्हणाले. "माझ्या बापाचा जन्म घोड्यांचे दात बघण्यात गेला. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू गाडीतून उतरून परत जाशील असं वाटलं. तुला कायतरी आकडा द्यायचा होता. मग तू रडायची थांबलीस, अन् मला खरं सांगायची हिंमतच झाली नाही." लाडीची आयाळ सारखी करत म्हणाले, "गावात मी कोण गं? इथं वरात माझ्या हातात लगाम असल्याशिवाय हलत नाही."

मी काय बोलले ते सगळं सांगत नाही, शेजारची रंजना अजून आठवण काढते. पण गावाला चला म्हटलं, अन् शेवटी एवढं विचारलं, "घोडीचं एक वर्ष म्हणजे माणसाची तीन. अन् माझ्या पोरीचं एक वर्ष म्हणजे माझी किती, हे मोजलंत कधी?"

ह्यांनी खरारा खाली ठेवला. मग म्हणाले, "लाडीला ह्या वयात ट्रकचा प्रवास झेपणार नाही. तिला टाकून मी कसा येऊ?"

"नका येऊ. म्हातारपणी तिच्याजवळ तरी कोणी असू दे."

सकाळच्या भुसावळ गाडीनं मी एकटीच निघाले. दोंडाईच्याहून एस.टी. धरून दुपारी घरी पोचले, तर आई ओट्यावर झोपलेली अन् जयू ज्वारी पाखडत होती. चौदा वर्षांची, साडीचोळीत शोभेल एवढी झालेली. तिनं सूप ठेवलं, पाणी दिलं, चहा टाकला. पाहुण्याचं करतात तसं सगळं नीट केलं. रडली नाही, बिलगली नाही.

"जयू, आता मी परत जाणार नाही," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. माझी पिशवी उचलून तिनं दाराआड ठेवली. "इथंच राहू दे आई. निघताना आतून शोधावी लागत नाही."

मी ती पिशवी घेतली, आतल्या खोलीत नेली अन् तिच्यादेखत जमिनीवर उलटी केली.