चाक जास्त फिरावं म्हणून

इंदिरानगरच्या सायकलवाल्या पुंजारामला एक खोड होती. सायकल दुरुस्त झाली की चाक उचलून गरकन फिरवायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "मोजा आता!" चाक जितकं जास्त फिरेल तितकी त्याची छाती फुगायची.

तेजस्विनीच्या सायकलीचं मागचं चाक मात्र लवकर थांबलं. चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधली रबरी सीलं नवी होती, जरा घासत होती. पाणी, चिखल आत जाऊ नये म्हणून ती घट्टच बसतात, हे पुंजारामला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण पोरगी जिल्ह्याच्या सायकल संघाच्या निवड चाचणीला उतरणार होती, वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष, आणि दुकानात चार माणसं बघत उभी. त्याने सीलं उचकटून काढली. चाक फिरतच राहिलं. ती खूश, हा तिच्याहून खूश. नको तिथे शहाणपण म्हणतात ते हेच.

मग इगतपुरीच्या पावसात तिचा तीन आठवडे सराव झाला. चाचणीत पाच जणी घेतल्या. ही सातवी आली.

दोन महिन्यांनी ती सायकल विकायलाच घेऊन आली.

"गिऱ्हाईक बघा काका. माझ्यातच दम नव्हता. चढावर पाय उचलेनात."

पुंजारामने मागचं चाक फिरवलं. आत खरखर. हब उघडला, तर ग्रीस कुठलं, लाल पाणी ओघळलं. बेअरिंगचे छर्रे गंजून गेले होते. 'पावसात व्हतं असं,' म्हटलं असतं तरी खपलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती मान खाली घालून उभी होती, ते त्याला बघवेना.

"दम व्हता, पोरी," तो म्हणाला. "सील म्या काढलं. चाक लय फिरावं म्हणून. पाणी आत गेलं. तू गंजलेलं चाक वढत व्हतीस."

तेजस्विनीने एक गंजलेला छर्रा उचलून बोटांत फिरवला. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

"सायकलीत बिघाड असेल तर अर्ज करा, पुन्हा चाचणी घेऊ, असं निवड समितीने सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "चाचणीनंतर आठ दिवस मुदत होती. मी केलाच नाही. म्हटलं, सायकल पुंजारामकाकांनी बघितलीय, तिच्यात काय खोट असणार?"