बरणीत भिजत घातलेली बुगडी

मी कस्तुराबाईच्या डाव्या कानातली बुगडी बोलतेय. उजवीला विचारू नका. ती माझी सख्खी बहीण, पण तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ती कधी पाण्यात विरघळली नाही. मी विरघळले.

आम्ही दोघी मंगळवेढ्याच्या सोनाराकडे एकाच लगडीतून जन्मलो, कस्तुराबाईच्या आजीसाठी. आजीने आम्हाला लेकीला दिलं, त्या लेकीने कस्तुराबाईला. द्यायची रीत मोठी देखणी. लेकीला हळद लागली की आईने मांडवात चार बायांदेखत आपले कान मोकळे करायचे आणि तिथल्या तिथे लेकीचे भरायचे. बाया टक लावून बघतात. हात कापला की नाही, डोळ्यांत पाणी आलं की नाही, सगळं बघतात.

कानाच्या वरच्या कडेला बसलं की घरातलं कुजबुजणंसुद्धा आधी आपल्याला ऐकू येतं. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

कस्तुराबाईचा नवरा श्रीमंत. नाव तेवढं श्रीमंत. मंगळवेढ्याची जमीन भावांकडे ठेवून तो सोलापुरात गिरणीला लागला. बारा वर्षं सुताच्या साच्यांना तेल घातलं, पण डोकं काळ्या रानातच राहिलं. ढग आला की गिरणीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "आता वापसा येईल बगा, पेरायला घ्या." बाकीचे हसायचे.

तेहतीस साल असावं. त्यांच्या विजयमालाचं लग्न वळसंगला ठरलं. कस्तुराबाईने आम्हाला रिठ्याच्या पाण्यात धुतलं, मऊ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि भावाला आवतण द्यायला ती वैरागला गेली. "आठ दिसांत येती. पोरीकडं बगा," एवढंच नवऱ्याला सांगून गेली.

श्रीमंताच्या मनात एक सल होती. लेक नुसत्या दोन बुगड्यांवर सासरी जाणार. गळा रिकामा, हात रिकामे. हे त्याने बोलून दाखवलं मल्लप्पाला. मल्लप्पा अक्कलकोटच्या मोटारीवर क्लीनर. त्याच्याकडे कुणा बैराग्याकडून उतरवून घेतलेली किमयेची वही होती. सोनं मिठाच्या पाण्यात टांगायचं, त्याला मोटारीच्या बॅटरीतली वीज द्यायची, म्हणजे सोनं पाण्यात उतरतं. आणि त्या पाण्यात तांबं बुडवलं की तांब्याचं सोनं होतं, असं तिच्यात लिहिलेलं.

दुसरा कुणी असता तर हसला असता. श्रीमंताने मांडीवर थाप मारली. "म्हंजी बी भिजत घालायचं! पाऊस कमी असला की आमी ज्वारी भिजवूनच पेरतो की. कोरडं बी उगवंल कसं?"

"अण्णा, ज्वारी येगळी, सोनं येगळं री," मल्लप्पाच कचरला.

"बी ते बी."

दुसऱ्या दिवशी मल्लप्पाने पोत्यात गुंडाळून एक जुनी बॅटरी आणली. श्रीमंताने काचेची बरणी घेतली, तीत मिठाचं पाणी भरलं. वहीत सांगितल्याप्रमाणे मधोमध मातीचं कोरं बोळकं ठेवलं, त्या बोळक्यात कोळशाची एक काळी कांडी. एक तार कांडीला, दुसरी मला. विजयमाला दारात उभी होती.

"आबा, आई मारंल."

"मला का तुला?"

"दोगास्नीबी."

"मारू दे. एक पेरली तर पसाभर उगवतील. मग तुजी आईच मला ववाळंल बग."

आणि मी पाण्यात गेले.

खरं सांगते, दुखलं नाही. आधी अंगाला मुंग्या आल्या. मग माझी नक्षी पुसट झाली, मग मळसूत्र झिजलं. पाणी पिवळं होऊ लागलं तशी मी कमी होऊ लागले. बरणीतून असा उग्र वास सुटला की श्रीमंत खोकून खोकून अंगणात पळाला. पण सकाळी गिरणीत जाण्याआधी आणि आल्यावर तो बरणीशी बसायचाच. बोटाने पाणी ढवळून बघायचा. त्याची बोटं आणि नखं जांभळी झाली; साबण लावला, राख लावली, डाग जाईनात. पाचव्या दिवशी तारेला नुसतं टोक उरलं. मी होते, पण कुठे म्हणून विचाराल तर सगळ्या बरणीत.

आता पेरणी. त्याने देवाची तांब्याची पळी माझ्यात बुडवली आणि काढली. पळीवर पिवळी झाक आली!

"उगवलं! विजे, उगवलं गं!" तो अंगणात नाचला. आणि मग त्याने काय केलं, तर तांबं आहे म्हणून सवयीने चिंच घेतली आणि पळी लख्ख करायला खसाखसा घासली. झाक निघून गेली. खाली तेच जुनं तांबं. माझा तेवढा तुकडा चिंचेबरोबर मोरीतून वाहून गेला.

तेवढ्यात कस्तुराबाई वैरागहून परत आली. हातपाय धुऊन तिने आधी डबा उघडला. फडक्यात एकच बुगडी.

"अवो, दुसरी कुटं हाय?"

श्रीमंताने बरणीकडे बोट दाखवलं.

"त्यात कुटं? नुसतं पानी हाय की."

"तेच."

ती तिथंच बरणीपुढे बसली. रडली नाही. "आठ दिसांवर लगीन. मांडवात बायांम्होरं मी एकच कान मोकळा करू? पोरीला काय, अर्दी सवाशीण करून धाडू?" श्रीमंत बरणी ओतून टाकायला उठला तर तिने त्याचं मनगट धरलं. "हात लावू नगा. माजी आजी हाय त्यात."

शेजारची काशम्मा साळीण, सूत रंगवणारी. आवाज ऐकून आली. बरणी उजेडात धरून तिने इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"काशम्मा, पान्यात उतरलेलं परत निगतं का गं?"

"अय्यो अक्का, सोन्याचं मला ठावं नाही. आमी काळा रंग करताना हिराकस टाकतो. रंग सुताला धरतो, उरलेला तळाला बसतो. करून बघू का? मग मला बोलायचं नाही हां."

"टाक," कस्तुराबाई म्हणाली. "पान्यातच हाय. ह्याहून वंगाळ काय व्हनार?"

काशम्माने पाण्यात हिरवट हिराकस विरघळवून ते बरणीत ओतलं. माझा पिवळेपणा गढूळ झाला, मग तपकिरी, आणि मी कणाकणाने खाली बसू लागले. दुसऱ्या दिवशी वर निवळ पाणी आणि तळाला चिखल. श्रीमंताने कपाळाला हात लावला. "माती झाली."

कस्तुराबाईने पदर खोचला. तिने वरचं पाणी हळूच काढलं, चिखल चार पाण्यांनी धुतला, ताटलीत वाळवला. चिमूटभर पाट्यावर घेऊन तांब्याच्या बुडाने जोराने घासला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी चमकले.

"विजे, तुज्या बापाला बलीव," एवढंच ती म्हणाली.

सोनाराने टाकणखार घालून मला आटवलं. हसत हसत त्याने तिसऱ्या दिवशी मला पुन्हा बुगडी करून दिली. पण मी बहिणीहून बारीक झाले, नक्षीही उथळ. "दोन्ही आटवून सारख्या करू का?" त्याने विचारलं. कस्तुराबाई म्हणाली, "नगं. एक तरी जुनी राहू दे."

मांडवात सगळ्या बाया बघत होत्या. कस्तुराबाईने उजवी काढली, लेकीच्या कानात घातली. हात कापला नाही. मग डावा कान नवऱ्यापुढे केला.

"ही तुमी काढा. आन् तुमीच घाला."

असं कधी कुणी बघितलं नव्हतं. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अगं बाई, बोटं बगा की दाजींची, जांबळं खाल्ल्यागत!" श्रीमंताला फिरकी सापडेना, लेकीच्या कानाचं भोक सापडेना. शेवटी विजयमालाने बापाचं बोट धरून जागा दाखवली. मी बसले. डोळे पुसायला त्याने हात वर केला आणि बोटांना लागलेली लेकीची हळद कपाळाला फासून घेतली.

आज मी वळसंगला असते, विजयमालाच्या डाव्या कानात. श्रीमंताची बोटं कधीच उजळली. तो वर्षातून दोनदा लेकीला भेटायला येतो. ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि आधी तिच्या कानाकडे बघतो.

"लई हलकी झाली का गं?"

"छे, आबा! हीच लई जड लागती. कान वडतीया."

मी जड नाही. उजवीहून चांगलीच हलकी आहे. पण तिने तसं सांगितलं की म्हातारा पाय पसरून निवांत बसतो, नातवंडांना मांडीवर घेतो. म्हणून मी बापुडी कानाला चिकटून गप्प राहते. तुम्ही कधी वळसंगला आलात आणि तो ओट्यावर असला, तर एवढं माझं ऐका. तुम्हीही काही बोलू नका.